चिऊचं घर उन्हात ठेवून बघा: गोष्टीच्या पुस्तकांतून घरच्या घरी विज्ञान

मूल तीनेक वर्षांचं झालं की घरात गोष्टी सुरू होतात. चिऊ-काऊ, तहानलेला कावळा, भोपळ्यातली म्हातारी. त्याच सुमारास आईबाबांच्या डोक्यात दुसरा विचार घोळायला लागतो की याला विज्ञानाची गोडी कशी लावायची? मग भिंतीवर तक्ते लागतात, ग्रहांची नावं पाठ होतात आणि पाहुणे आले की "सांग बघू, सर्वांत मोठा ग्रह कोणता?" म्हणून मुलाला पुढं केलं जातं. माझं म्हणणं एवढंच की गोष्ट एकीकडं आणि विज्ञान दुसरीकडं, असं करायचं काही कारण नाही. गोष्टीत काहीतरी घडतं. ते खरंच तसं घडेल का, हे घरातल्या परातीत, कुंडीत, गच्चीवर तपासून बघता येतं. लहान मुलाला एवढं विज्ञान पुष्कळ झालं, आणि त्यासाठी आईबाबांनी सायन्सला असायला हवं असंही नाही.

आमच्या गल्लीतल्या मुलांना मी बरीच वर्षं गोष्टी वाचून दाखवते. तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर जे चालतं ते इथं लिहिते आहे. कोल्हापूरच्या घरांत आणि कोल्हापूरच्या हवेत करून बघण्यासारखंच सगळं आहे.

आधी पुस्तक

मुखपृष्ठावर 'विज्ञान' लिहिलेलं पुस्तक घ्यायलाच हवं असं नाही. उलट अशी बरीच पुस्तकं म्हणजे माहितीची यादी असते आणि तिच्यात मधे मधे एक हसणारा रोबो असतो. ज्या गोष्टीत काहीतरी बदलतं ते पुस्तक घ्या. बी रुजतं, बर्फ वितळतो, कुणीतरी पाण्यात पडतं आणि तरंगतं, सावली लांब होते. असा बदल असला की विचारायला जागा मिळते.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ उघडा. 2015 पासून तिथं गोष्टींची पुस्तकं फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. मराठी पुस्तकं भरपूर आहेत आणि त्यांना चार पातळ्या दिलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानाला एखाद-दुसरं वाक्य असतं, तिथूनच सुरू करा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांसकट. मोबाईलवर मात्र दाखवू नका. छापून घ्या, शिवा, पुठ्ठा लावा. जे पान बोटानं धरता येतं त्यावर मूल जास्त वेळ थांबतं. आणि आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे. मुलाला बोट धरून तिथं न्या, कपाटापुढं उभं करा आणि एक पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या.

घरी आणल्यावर आधी एकदा स्वतः वाचा. वाचताना चित्रांकडं नीट बघा, कारण चुका बहुतेक वेळा चित्रात असतात. मुंगीला चार पाय, कोळ्याला सहा. चंद्रकोरीच्या पोटात लुकलुकणारी चांदणी, जी तिथं दिसणं शक्य नाही, कारण कोरीचा काळा भाग हाही चंद्रच असतो. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर, खरं तर एक दक्षिणेकडं राहतो आणि दुसरं उत्तर टोकाला. अशी चूक सापडली म्हणून पुस्तक बाजूला टाकू नका. पाच वर्षांच्या मुलाला "या मुंगीचे पाय मोज आणि ओट्यावरच्या मुंगीचे मोज" असं सांगा. छापलेलं पुस्तकही चुकू शकतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळणं फार मोलाचं आहे.

पहिल्यांदा वाचताना थांबू नका

गोष्ट पहिल्यांदा सांगताना एकदाही मधे थांबायचं नाही. "हा कोणता रंग?", "हे किती आहेत?" असलं काही नाही. आवाज काढा, हात हलवा, गोष्ट रंगवा. गोष्ट रंगली नाही तर पुढचं काहीच होणार नाही. मुलाला "पुन्हा वाच" म्हणावंसं वाटलं पाहिजे. ते म्हणतंच, आणि तुम्हाला कंटाळा आला तरी वाचायचं असतं. पुढं काय होणार हे ठाऊक झाल्यावरच मुलाचं लक्ष 'ते कसं झालं' याकडं वळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तेच पुस्तक हातात असताना, एका जागी थांबा. फक्त एका. आणि तिथं 'का' विचारू नका. "पाऊस का पडतो?" या प्रश्नावर चार वर्षांचं मूल म्हणतं, "झाडांना तहान लागते म्हणून." त्याच्या वयाला ते उत्तर साजेसंच आहे, पण तिथून पुढं वाट निघत नाही, आणि मोठ्यांना कोणतं उत्तर हवंय याचा अंदाज घ्यायची सवय मात्र लागते. त्याऐवजी विचारा, "आता काय होईल?" त्यानं सांगितलं की, "तुला कसं कळलं?" आणि मग, "बघायचं का करून?" हे तीन प्रश्न पुरतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. हे सगळ्यांत अवघड आहे. मूल छताकडं बघतं, चटईचा दोरा ओढतं, आणि आपण घाईनं उत्तर देऊन मोकळे होतो. मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक वेळा सात-आठच्या आसपास ते बोलतं.

सुरुवात चिऊ-काऊपासून

ही गोष्ट मुलाला आधीच येत असते, पुस्तकही लागत नाही. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. मोठा पाऊस येतो आणि काऊचं घर वाहून जातं. आपण आजवर ही गोष्ट चिऊनं दार उघडायला किती वेळ लावला यावरच संपवत आलो. घरांकडं कुणी नीट बघतच नाही.

मेणबत्त्यांचे तुकडे साठवा. एका वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि मेण वितळवा. हे काम मोठ्यांचं, मूल ओट्यापासून लांब. थेट आचेवर मेण ठेवू नका, ते पेटतं. दुसऱ्या छोट्या वाटीला आतून तेलाचं बोट फिरवून त्यात मेण ओता. थंड झालं की वाटी पालथी करा, चिऊचं घर तयार. काऊच्या घरासाठी तशीच वाटी शेणानं दाबून भरा आणि पालथी घाला. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध मिळतं, तिथं शेण मिळवणं अवघड नाही. नकोच वाटलं तर चिखल घ्या. अर्धा दिवस सावलीत सुकू द्या.

मग दोन्ही घरं परातीत ठेवा. पाणी ओतायच्या आधी विचारा, कोणाचं काय होईल? उत्तर गोष्टीतूनच येणार, पण येऊ द्या. आता वर पिठाची चाळणी धरून तांब्यानं हळूहळू पाणी सोडा, म्हणजे पावसासारखं पडेल. काऊचं घर एकदम वाहून जात नाही. आधी त्याच्या कडा गुळगुळीत होतात, मग परातीतलं पाणी हिरवट-तपकिरी होतं, मग एक बाजू खचते. मेणाच्या घरावर पाण्याचे थेंब गोल होऊन बसतात आणि बोट लावलं की घरंगळतात. मुलाला हात लावू द्या, दोन्हीला. पाणी शेणात शिरतं आणि मेणात शिरत नाही, हे त्याला बोटानं कळलेलं असतं. 'शोषण' हा शब्द आत्ता नको, तो शाळेत येईल.

बहुतेक जण इथं थांबतात. तुम्ही थांबू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, "चिऊचं घर उन्हाळ्यात कसं राहील?" एप्रिलच्या दुपारी दोन्ही घरं स्टीलच्या ताटात घालून गच्चीवर ठेवा. मेण 60 अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडं हवेचं तापमान 38 असलं तरी उन्हातलं ताट त्याहून पुष्कळ तापतं. तासाभरात मेणाचं घर मऊ पडतं, कडा बसतात, बोट दाबलं तर खड्डा पडतो. शेणाचं घर मात्र कडक होतं. शेजारची पाच वर्षांची मुलगी ते बघून म्हणाली, "मग उन्हाळ्यात चिऊनं काऊकडं राहायला जायचं, आणि काऊला पण सांगायचं थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे." मी त्यावर काही बोलले नाही. घर कशाचं चांगलं हे ऋतू बघून ठरतं, हे तिनं तिच्या पद्धतीनं सांगून टाकलं होतं.

त्यानंतर खऱ्या घरट्याकडं वळा. चिमणी वळचणीत, भोकात गवत आणि पिसं भरते. कावळा झाडावर काटक्या रचतो, शहरात तर तारासुद्धा विणतो. मे-जूनमध्ये टाऊन हॉलच्या बागेत मान वर करून फिरा. घरट्याला हात लावायचा नाही, हे मात्र निघायच्या आधी सांगून ठेवा.

बोलणाऱ्या प्राण्यांचं काय?

नवे पालक हे हमखास विचारतात. प्राणी बोलतात, कपडे घालतात, त्यानं मुलाच्या डोक्यात चुकीचं बसणार नाही का? गोष्टीतला कावळा आणि खिडकीतला कावळा यांत फरक आहे हे चार वर्षांच्या मुलाला कळतं, फक्त ते कुणीतरी विचारावं लागतं. "गोष्टीत काऊ काय करतो? आणि आपल्या गॅलरीत येतो तो?" एवढं पुरे. प्राण्याला बोलू द्या. पण जे घडूच शकत नाही ते पुस्तक खरं म्हणून सांगत असेल तर तिथं बोट ठेवा.

तहानलेला कावळा

ही गोष्ट तर प्रयोगाच्या वहीत असल्यासारखीच आहे, आणि तरीही ती करून बघणारी घरं मला फार थोडी भेटली. सारखे तीन काचेचे पेले घ्या. एकात पाव, एकात निम्मं, एकात पाऊण पाणी. बांधकामाच्या बारीक खडीतले छोटे खडे धुऊन घ्या, वाटाण्यापेक्षा जरा मोठे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खडे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

प्रत्येक पेल्यापुढं विचारा, पाणी वर येईल का? किती खडे लागतील? सांगितलेला आकडा कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर रेघा ओढू द्या. मग एकेक खडा, हळूच. पाऊण पेला पटकन भरतो. निम्मा पेलाही काठापर्यंत येतो. पाव पेल्यात मात्र खडे काठाला येऊन टेकतात आणि पाणी खालीच राहतं. मुलं आधी आणखी खडे टाकतात, ते बाहेर पडतात, मग पेल्याला डोळा लावून बघतात.

कारण असं की खडे कितीही दाटून भरले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतात. साधारण पेल्याचा पाच भागांतला दोन भाग फटीच असतात. पाणी त्याहून कमी असेल तर ते सगळं फटींतच मावतं आणि वर यायचं कारण उरत नाही. हे गणित मुलाला सांगू नका. "पाणी कुठं आहे दाखव," एवढं म्हणा. ते बोट ठेवून दाखवतं. मग बारीक वाळू आणून द्या आणि तोच पाव पेला पुढं ठेवा. वाळू फटींत उतरते आणि पाणी चढायला लागतं. सहा-सात वर्षांचं मूल इथं आपणहून म्हणतं की कावळ्याच्या माठात निम्मं तरी पाणी असणार, नाहीतर तो तहानेलाच राहिला असता.

मग त्याला ही खरी गोष्ट सांगा. 2009 साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांपुढं एक उभी नळी ठेवली. आत थोडं पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, आणि शेजारी दगड. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. लहान-मोठे दगड ठेवल्यावर त्यांनी मोठे उचलायला सुरुवात केली. शेकडो वर्षं सांगितली जाणारी गोष्ट खरी ठरू शकते, ही बातमी मुलांना प्रचंड आवडते.

भोपळा

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट झाली की कपिलतीर्थ मंडईतून आणलेली पिशवी बादलीपाशी न्या. भोपळा तरंगतो, एवढा जड असूनही, कारण आतून पोकळ. बटाटा बुडतो, लिंबू तरंगतं. संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं, आणि ते बघून मुलं संत्र्याची साल हातात धरून तिच्याकडं बघत बसतात. आपल्याकडं जुन्या पिढीनं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकवलेला भोपळा बांधलेला असतो, आजोबांना विचारायला सांगा. बादलीपाशी मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका.

अळीचं पुस्तक आणि कडीपत्त्याची कुंडी

अळीचं फुलपाखरू होतं, या विषयावरची पुस्तकं पुष्कळ आहेत. त्यांत दोन गोष्टी नेहमी घसरतात. एक म्हणजे अळी काहीही खाते असं दाखवतात. खरं तर बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना ठरावीक झाडांचीच पानं चालतात. दुसरं, फुलपाखरू रेशमाच्या गुंडाळीतून बाहेर येताना दाखवतात. तशी गुंडाळी विणतात ते बरेचसे पतंग. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते आणि आतून कडक कोष दिसायला लागतो.

हे बघायला कडीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी पुरते. पावसाळ्यात आणि त्यानंतर तिच्या पानांवर रोज नजर ठेवा. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान पिवळसर गोल अंडं दिसेल. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि वर पांढरा पट्टा. मुलाला विचारा, "हिला कोण खायला जाईल का?" मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीनं हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं आणि आंबूस वास सुटतो. एकदाच करा, तिला सारखं डिवचू नका.

औषध मारू नका, आणि कडीपत्ता ओरबाडला जाईल याची तयारी ठेवा. पानं पुन्हा फुटतात. अळी अचानक दिसेनाशी झाली तर कुंडीच्या आसपास, काडीवर, भिंतीवर शोधा. ती कंबरेला एक बारीक धागा बांधून, स्थिर होऊन कोष झालेली असते. कधी कधी तिला पक्षी किंवा गांधीलमाशी नेते. तसं झालं तर मुलापासून लपवू नका. पुस्तकात प्रत्येक अळीचं फुलपाखरू होतं, कुंडीत होत नाही, आणि मुलाला हे सोसतं. आपल्याला वाटतं त्याहून जास्त सोसतं.

पुस्तक आपणच करायचं

माझ्या मते सगळ्यांत मोठं काम हे आहे. पुस्तकं वाचून आणि तपासून झाली की मुलानं स्वतःचं पुस्तक करायचं. एक कोरा कागद आठ भागांत दुमडा, मधल्या घडीवर कात्रीनं चीर द्या, पुन्हा दुमडा, आठ पानांची पुस्तिका होते. चित्रं मुलाची, अक्षरं तुमची, पण शब्द त्याचेच. ते "पाणी शेणाच्या आत गेलं आणि घर रडायला लागलं" म्हणालं तर तसंच लिहा, सुधारू नका. सहा महिन्यांनी तेच मूल वाचून म्हणतं, "घर रडत नाही, वितळतं." ही दुरुस्ती त्याची स्वतःची असते.

विषय आपल्या गावात पडलेले आहेत. मला सर्वांत आवडतो तो सूर्याचा.

कोल्हापुरातल्या प्रत्येक मुलानं अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल ऐकलेलं असतं. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला, आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे. आता मुलाला "वर्षातून दोनदाच का?" असं विचारू नका, विचारा, "बाकीच्या दिवशी सूर्य कुठं मावळतो?" आणि हे शोधायला गच्चीवर जा.

दिवाळी आटोपली की सुरू करा. दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर एकाच जागी उभं राहायचं. तिथं खडूनं पावलांच्या खुणा करून ठेवा. समोरच्या इमारती, टाक्या, झाडं यांची एक रेघ मुलाकडून काढून घ्या आणि सूर्य कशामागं गेला तिथं टिकली लावा. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, तो खाली जाऊन लालसर झाल्यावर एक नजर टाकायची, एवढंच. आठवड्याला टिकली डावीकडं सरकत जाते, म्हणजे दक्षिणेकडं. डिसेंबरच्या 21-22 तारखेच्या सुमारास ती थबकते. मग परत उजवीकडं येऊ लागते, आणि जानेवारीच्या शेवटी सूर्य पुन्हा नोव्हेंबरातल्या टाकीमागं जातो. नोव्हेंबरच्या किरणोत्सवापासून 21 डिसेंबरपर्यंत सुमारे 41 दिवस, तिथून फेब्रुवारीच्या किरणोत्सवापर्यंतही जवळपास तेवढेच. जाताना आणि येताना सूर्य त्याच जागेवरून जातो, म्हणून तो सोहळा दोनदा. टिकल्यांचं हे पुस्तक घेऊन किरणोत्सव बघायला गेलेलं मूल किरणांकडं वेगळ्याच नजरेनं बघतं. एखाद्या वर्षी ढगांमुळं किंवा धुरक्यामुळं किरणं मुखापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा आजी काय म्हणते ते ऐकायचं आणि तेही पुस्तकात लिहायचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुसरी पुस्तिका करा, सावलीची. कोल्हापुरात त्या दिवसांत, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर एक उभी बाटली ठेवा आणि तिची सावली आटत जाताना बघा. ती नाहीशी होते ते बाराच्या ठोक्याला नाही, साडेबाराच्या सुमारास. कारण आपलं घड्याळ कोल्हापूरच्या सूर्यावर नाही, पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलेलं आहे. सात वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. ऑगस्टात ढग असतात, तेव्हा मे सोडू नका.

गुळाची गोष्ट हंगामात. ओळखीच्या गुऱ्हाळावर जा, मुलाचा हात धरूनच ठेवा, कारण काहील उकळती असते. रस किती घातला आणि गूळ किती निघाला हे गुळव्याला मुलानंच विचारावं. शंभर किलो उसामागं साधारण 10 ते 12 किलो गूळ. बाकीचं कुठं गेलं? चिपाड डोळ्यांपुढं पडलेलं असतं आणि तेच चुलवाणात जळत असतं. वाफ वर जाताना दिसते. भेंडीचं चिकट पाणी घातल्यावर मळी वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. घरी येऊन गुळाचा खडा पाण्यात विरघळवा आणि गोष्ट उलटी सांगायला सांगा. पाणी पुन्हा आलं, पण ऊस परत येईल का? यावर मुलं बराच वेळ बोलतात.

उत्तर येत नसेल तेव्हा

"मला माहीत नाही, बघूया" हे वाक्य मोकळेपणानं म्हणा आणि त्याच आठवड्यात खरंच बघा. बघूया म्हणून विसरून गेलं की मूल विचारणं सोडतं. घरात बुटाचं एक रिकामं खोकं ठेवा, राहिलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाका आणि रविवारी एक चिठ्ठी काढा.

आजी-आजोबांना या सगळ्यातून बाहेर ठेवू नका. चांदोबात ससा आहे असं आजी सांगते, तर सांगू दे. पौर्णिमेला चांदोबा उगवताना त्या सशाचं चित्र काढा आणि पहाटे मावळताना पुन्हा काढा. ससा कलंडलेला दिसतो. "आजी, तुझा ससा रात्रीत कूस बदलतो," हे नातवाकडून ऐकताना आजीही दुसऱ्या दिवशी खिडकीत येऊन उभी राहते.

आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, एवढं बास. मूल उठून गेलं तर जाऊ द्या. तीन वर्षांच्या मुलाला नुसतं बघू द्या आणि हात लावू द्या. अंदाज सांगणं चार-पाचाला जमतं, मोजणं आणि नोंद ठेवणं सहाच्या पुढं.

पावसाळा लागला की

पैशाचं आमिष दाखवून पावसाला बोलवायचं बडबडगीत प्रत्येक मुलाला येतं. त्यात मोठा पाऊस येतो. मोठा म्हणजे किती, हे जूनमध्ये मोजायला घ्या. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा डबा गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा, भिंतीपासून आणि पागोळ्यांपासून लांब. बाहेरून मोजपट्टी चिकटवा, शून्य आतल्या बुडाशी आणा. भोवती विटा लावा, नाहीतर वारा घेऊन जाईल. डब्याचं तोंड रुंद की अरुंद यानं पाण्याची उंची बदलत नाही. मुलाला ते पटणार नाही, म्हणून दोन वेगवेगळे डबे ठेवा आणि त्यालाच बघू द्या.

हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा, मिलिमीटरमध्ये लिहा आणि डबा रिकामा करा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला आकडा शेजारी लिहा. दोन्ही जुळायलाच हवेत असं नाही, एका भागात कोसळतो तेव्हा दुसऱ्या भागात ऊन असतं. तिसऱ्या रकान्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहा. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे आकडे घरातल्या मोठ्यांच्या तोंडी असतातच. थोड्या दिवसांत मुलाच्या लक्षात येतं की आपल्या डब्यात पाऊस थोडा असूनही पंचगंगा चढते आहे. मग विचारा, हे पाणी आलं कुठून? वर घाटाकडं गगनबावड्याला कुणी पाहुणे असतील तर त्यांना फोन करून तसाच एक डबा अंगणात ठेवायला सांगा आणि खाली नदीच्या वाटेवर शिरोळला कुणी असेल तर त्यांनाही. तीन घरांचे आकडे एका पानावर आले की नदीची गोष्ट मुलाला लिहू द्या.